काटा थांबेपर्यंत

तीस पावलांवर पेंढ्याची गुंडी,
तिच्यावर चुन्याचा ठिपका, चांगला भाकरीएवढा.
तोही मला सापडेना.
माझे बाण डावीकडे जायचे आणि खाली,
एक तर थेट रोझालीनच्या भेंडीच्या वाफ्यात.

दोष मी वाटून टाकले होते:
थोडा वाऱ्याला, दुपारी कुशावतीवरून उलटतो त्याला,
थोडा बाणांना (बांबू जाड आहे, मी म्हणायची),
उरलेला चष्म्याला.
स्वतःसाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

झिलू वेळीपच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
रिवणच्या त्या पडीक मळ्यात
तो जांभ्या दगडाच्या गडग्याला पाठ टेकून बसतो
आणि मला ऐकतो.
पहिल्या दिवशी म्हणाला, "बाही वर कर. दोरी घासते."
बाही वर केली. वीतभर चूक कमी झाली.
मग म्हणाला, "मूठ सैल. धनुष्य पळून जात नाही."
मग, "दोरी ओढून बोट कुठे टेकवतेस?"
गालाला, मी म्हटलं.
"गाल मोठा गो. जागा सांग."
तेव्हापासून उजवा सुळा.
बोटाला ओठाआडून तो लागला
की ओढ पुरी झाली, त्याआधी नाही.

आणि तरी बाण खालीच.

महिनाभर मग ठिपकाच काढून टाकला त्याने.
पाच पावलांवरून, डोळे मिटून,
नुसत्या पेंढ्यात.
रस्त्यावरून जाणारा पदेर
पावांच्या टोपलीसकट सायकल थांबवून बघायचा.
ह्या बाईला एवढी मोठी गुंडी
इतक्या जवळून दिसत नाही?

एका संध्याकाळी झिलू उठला,
चाचपडत माझ्या मागे आला,
माझ्या डाव्या मनगटाखाली
कोयतीची मूठ धरून उभा राहिला.
मी बाण सोडला.
मनगट मुठीवर आपटलं.
"बाण गेलो," तो म्हणाला, "तुजो हात खंय वता?"

बघायला जात होता.
बाण लागला का ते बघायला
हात बाजूला सरत होता, खाली,
बाण अजून दोरीवर असतानाच.

खाण चालू होती तेव्हा
अकरा वर्षं मी वजनकाट्यावर बसले.
ट्रकचं मागचं चाक पाटावर चढायचं,
काटा थरथरत असायचा,
आणि मी आकडा लिहून मोकळी.
मागे चाळीस ट्रक, हॉर्न, लाल धूळ,
चहातसुद्धा लाल धूळ.
काटा थांबेपर्यंत थांबलेलं
कुणालाच परवडत नव्हतं.
मग खाण थांबली.
माझं मनगट थांबलं नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज तीस पावलं. ठिपका परत लावलाय.
सुळा. श्वास. सोडला.
हात वरच.
मनगटावर एक ओंबील चढली, तांबडी,
चावली,
हात वरच.
पेंढ्यात धप्प झाल्यावर मग खाली.
असे तीन.

जाऊन पाहिलं:
तिन्ही ठिपक्याच्या डावीकडे, हातभर लांब,
पण एकमेकांना खेटून,
एका मुठीत उपटता येतील असे.
चुकले, मी ओरडले. तिन्ही चुकले!
"एकाच जागेर?"
हो.
झिलू हसला, त्याला पुढचे दात नाहीत.
"मग आता बाणाची चूक.
तुझे बांबू जाड आहेत, ताठ. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मग सांगितलं का नाही?

"तुझा हात हलत होता तेव्हा
बांबूचं कोण ऐकणार?"

उर्राकच्या फुटक्या बाटलीची काच
त्याने खिशातून काढली, फडक्यात बांधलेली.
आता तो बाण मांडीवर घेऊन तासतोय,
न बघता, अंगठ्याने जाडी मोजत.
बांबूचा पांढरा भुगा त्याच्या पायांवर पडतोय.
मी शेजारी बसून आहे.
मनगट सुजलंय, खाजतंय.
झालं का, असं विचारायला तोंड उघडलं होतं,
मिटलं.